पट्टेदार ते भोगवटादार: एका रेघेची कुळकथा

एका दस्तऐवजातील माहितीचा प्रत्येक घटक दुसऱ्या दस्तऐवजाच्या कोणत्या रकान्यात जावा हे ठरवण्याच्या कामाला संगणकाच्या परिभाषेत ‘डेटा मॅपिंग’ म्हणतात. 1998 मध्ये माहितीला खुणांनी बांधणारी एक्सएमएल ही मांडणी आणि 1999 मध्ये तिचे रूपांतर करणारी एक्सएसएलटी ही भाषा प्रमाणित झाली. परंतु रूपांतराचे नियम हाताने लिहिणे किचकट असल्याने मायक्रोसॉफ्टच्या ‘बिझटॉक सर्व्हर 2000’सारख्या प्रणालींनी पडद्यावर डावीकडे मूळ रचना, उजवीकडे अपेक्षित रचना आणि दोहोंना जोडणाऱ्या रेघा दाखवण्यास आरंभ केला. मजकूर बदलून न्यायचा असल्यास रेघेच्या वाटेवर ‘फंक्टॉइड’ नावाची हिशेबाची चौकट बसवली जाते.

बीड जिल्ह्याच्या महसुली दप्तराला हेच काम संगणकाविना करावे लागले होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हा जिल्हा हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा त्याच्यासोबत निजामकालीन उर्दू कागद, 1954-55चे खासरा पत्रक आणि पाहणी पत्रके आली. पुढे 15 ऑगस्ट 1967 पासून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू झाली आणि हक्कांचा गाव नमुना 7 व पिकांचा गाव नमुना 12 मिळून होणारा सातबारा हाच जमिनीचा नित्याचा उतारा ठरला.

यातील काही रूपांतरे निव्वळ हिशेबाची होती. निजामी दप्तरातील फसली सनात 590 मिळवले की इसवी सन साधारणपणे मिळे, 7 हाली (निजामी) रुपयांचे 6 कलदार (भारत सरकारचे) रुपये होत आणि 40 गुंठ्यांचा एकर सुमारे 0.4047 हेक्टर भरे. गावांच्या नावांसाठी मात्र मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई अशी जोडयादीच लागे.

खरा पेच हक्काच्या रकान्यात होता. जुन्या पत्रकात सरकारला सारा देण्यास जबाबदार असलेला पट्टेदार आणि प्रत्यक्ष जमीन कसणारा कब्जेदार असे दोन वेगळे रकाने असत, तर सातबाऱ्यावर मुख्य रकाना एकट्या भोगवटादाराचा असतो. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असतील तर कोणतीही रेघ चालते. परंतु ती भिन्न असतील तर 1950च्या हैदराबाद कूळ कायद्याखालील संरक्षित कूळ, गहाणदार किंवा देवस्थान इनामाचा वहिवाटदार यांपैकी कब्जेदार नेमका कोण, हे कागदाच्या रचनेवरून कळत नाही. असे दुय्यम हक्क व बोजे ‘इतर हक्क’ या रकान्यात नोंदवले जातात, मात्र तेथे काय जावे आणि मुख्य रकान्यात काय, हा निर्णय कायद्याचा असतो.

म्हणूनच हक्कातील प्रत्येक बदल गाव नमुना 6 म्हणजे फेरफार नोंदवहीत कारणासह लिहून, हरकती ऐकून, प्रमाणित करण्याची आणि त्याचा क्रमांक सातबाऱ्यावर नावाशेजारी देण्याची रीत आहे. आजच्या संगणकीकृत ई-फेरफार प्रणालीतही ती टिकून आहे. मॅपिंगची रेघ ‘काय कोठे गेले’ एवढेच दाखवते, तर फेरफार क्रमांक ‘का गेले’ याचा माग देतो. आणि वाद उभा राहिला की दिवाणी न्यायालयात व तहसीलमध्ये तपासला जातो तो हा दुसरा प्रश्न.