प्रीती, ख्रिस्ती धर्मातील

ख्रिस्ती जीवनाची व श्रद्धेची केंद्रवर्ती संकल्पना. ग्रीक भाषेतील नव्या करारात तिच्यासाठी ‘अगापे’ हा शब्द आला असून लॅटिनमध्ये ‘कारितास’ व मराठी बायबलमध्ये ‘प्रीती’ हे प्रतिशब्द रूढ आहेत. देवाची माणसावरील, माणसाची देवावरील आणि माणसाची माणसावरील अशी तीन नाती या संकल्पनेत एकवटली असून पहिले नाते उरलेल्या दोहोंचे मूळ मानले जाते. प्रीती ही केवळ मनाची हळवी अवस्था नव्हे. ती कृतीतून प्रत्ययास यावी लागते. भावनेची आज्ञा कशी देता येईल, या जुन्या आक्षेपाला ख्रिस्ती विचारवंतांनी बहुधा हेच उत्तर दिले आहे. तथापि प्रीती कोणावर करावयाची आणि तिच्या नावाने दुसऱ्यावर सक्ती करता येते काय, हे दोन प्रश्न या आज्ञेला प्रारंभापासून चिकटलेले असून तिचा इतिहास बराचसा त्यांच्या उत्तरांचा इतिहास आहे.

सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असे एका शास्त्र्याने विचारले असता येशूने जुन्या करारातील दोन वचने एकत्र जोडून उत्तर दिले, असे मार्ककृत शुभवर्तमानात सांगितले आहे. पैकी देवावर सर्वस्वाने प्रीती करण्याविषयीचे वचन ‘अनुवाद’ या ग्रंथातील, तर शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याविषयीचे ‘लेवीय’ या ग्रंथातील आहे. म्हणजे दोन्ही आज्ञा मूळच्या यहुदी धर्मशास्त्रातील होत. यहुदी नियमशास्त्रातील प्रीती स्वजनांपुरतीच होती, असे ख्रिस्ती लेखनात पुष्कळदा म्हटले जाते, पण ते बरोबर नाही. ‘लेवीय’च्या त्याच अध्यायात परदेशीयावरही तशीच प्रीती करण्यास सांगितले आहे. येशूच्या शिकवणीतील वेगळेपण मर्यादा ओलांडण्याच्या तिच्या ठामपणात आहे. लूककृत शुभवर्तमानातील दृष्टांतात लुटारूंनी अर्धमेले करून टाकलेल्या वाटसरूला याजक व लेवी ओलांडून जातात आणि यहुद्यांना तुच्छ वाटणारा एक शोमरोनी त्याची शुश्रूषा करतो. डोंगरावरील प्रवचनात तर शत्रूवरही प्रीती करण्याची आज्ञा आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात देवाचे स्वरूपच प्रीती असल्याचे म्हटले असून दिसणाऱ्या बंधूचा द्वेष करणाऱ्याचे न दिसणाऱ्या देवावरील प्रेम खोटे ठरविले आहे.

‘अगापे’ हा शब्द ख्रिस्ती लेखकांनी मुद्दाम निवडलेला निःस्वार्थ प्रेमाचा खास शब्द होय, अशी समजूत प्रचलित आहे. ती फार ताणता येत नाही. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात अम्नोनाच्या तामारेविषयीच्या वासनेलाही हाच शब्द वापरलेला आहे. शब्दाला त्याचा अर्थ मिळाला तो पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या आचरणातून.

या आचरणाचे सर्वांत बोलके साधन म्हणजे सामुदायिक जेवण. त्यालाही ‘अगापे’ (प्रीतिभोजन) असेच नाव होते. करिंथ येथील मंडळीत सधन सभासद आधीच येऊन जेवून घेत व उशिरा येणारे गरीब उपाशी राहत, अशी तक्रार पौलाने तेथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (सु. ५५) केली आहे. प्रीतीच्या थोरवीचा प्रसिद्ध अध्याय याच पत्रात पुढे येतो. आज तो बहुधा विवाहप्रसंगी वाचला जातो. मुळात मात्र तो गटबाजीने पोखरलेल्या आणि जेवणाच्या पंक्तीतही समता न पाळणाऱ्या मंडळीची कानउघाडणी होता. बिथिनियाचा रोमन प्रांताधिपती धाकटा प्लिनी याने सम्राट ट्रेजनला लिहिलेल्या पत्रात (सु. ११२) ख्रिस्ती लोक साधे, निरुपद्रवी अन्न घेण्यासाठी एकत्र जमतात, असे कळविले आहे. चौथ्या शतकात लाओदिकीया येथील धर्मसभेने चर्चमध्ये प्रीतिभोजने घेण्यास मनाई केली आणि हळूहळू ही प्रथा मागे पडली. पुढे अठराव्या शतकात मोरेव्हियन व मेथडिस्ट पंथीयांनी तिचे पुनरुज्जीवन केले.

जेवणापेक्षा दानव्यवस्था अधिक टिकली. दरमहा स्वेच्छेने जमणाऱ्या निधीतून गरिबांचे पोषण व दफन, अनाथ मुले, वृद्ध सेवक, जहाज फुटलेले प्रवासी आणि श्रद्धेपायी खाणीत वा तुरुंगात पडलेले लोक यांना साहाय्य केले जाते, असे कार्थेजच्या टर्टलियनने सु. १९७ मध्ये नमूद केले आहे. सु. २५१ मध्ये एकट्या रोमची मंडळी दीड हजारांहून अधिक विधवा व गरजू यांना पोसत होती. त्याच दशकातील साथीच्या रोगात कार्थेजचा बिशप सिप्रियन याने केवळ स्वधर्मीयांचीच नव्हे, तर इतरांचीही सेवा करण्यास लोकांना प्रवृत्त केले. याविषयी विरोधकाची साक्ष अधिक मोलाची ठरते. ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवतांचे पुनरुज्जीवन करू पाहणारा सम्राट ज्यूलियन (कार. ३६१–३६३) याने गलेशियाच्या मुख्य पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात, हे लोक स्वतःच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना पोसतात, ही लाजिरवाणी गोष्ट आहे, असे बजावून धर्मशाळा उभारण्यास सांगितले. सु. ३७० मध्ये बेसिलने सिझेरिया येथे रुग्ण, कुष्ठरोगी व प्रवासी यांच्यासाठी मोठी वसाहत उभारली.

ख्रिस्ती धर्माला राजाश्रय लाभल्यावर दुसरा प्रश्न तीव्र झाला. छळाच्या काळात कच खाल्लेल्या धर्मगुरूंचे संस्कार अमान्य करणारा डोनेटस पंथ उत्तर आफ्रिकेत प्रबळ होता. त्याच्याशी झगडत असताना हिप्पोचा बिशप सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याने योहानाच्या पहिल्या पत्रावर प्रवचने दिली (सु. ४०७). कृतीचे मोल तिच्या मुळाशी असलेल्या हेतूवरून ठरते. बाप मुलाला मारतो आणि गुलामांचा व्यापारी त्याला कुरवाळतो, तरी प्रीती बापाच्या ठायी असते, असे त्याने सांगितले. अंतःकरणात प्रीती असली, की मग मनास येईल ते करावे, हे त्याचे विख्यात सूत्र याच संदर्भातील आहे. स्वातंत्र्याची सनद म्हणून उद्‌धृत होणारे हे सूत्र मुळात शिक्षेच्या समर्थनार्थ आले, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती करू नये, असे आपले पूर्वी मत होते. पण राजाज्ञांच्या धाकाने अनेक जण परत आल्याचे पाहून ते बदलले, अशी कबुली त्याने ४०८ च्या एका पत्रात दिली आहे. मेजवानीच्या दृष्टांतातील लोकांना आग्रहाने आत आणण्याचे वचनही त्याने आधारास घेतले. देहान्त शिक्षेला त्याचा विरोध होता. पण त्याने घातलेली ही मर्यादा पुढील काळात टिकली नाही. पाखंडी लोकांचा छळ त्यांच्या आत्म्याच्या कल्याणासाठीच आहे, हा युक्तिवाद मध्ययुगात त्याच्या नावावर चालला. ज्या प्रीतीची परीक्षा समोरच्या माणसाला काही विचारावे लागत नाही अशा हेतूवर सोपविली जाते, ती किती कठोर होऊ शकते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

मध्ययुगीन चिंतनात क्लेर्व्होचा सेंट बर्नार्ड (१०९०–११५३) याने देवावरील प्रीतीच्या चार पायऱ्या वर्णिल्या, तर सेंट टॉमस अक्वाइनस (सु. १२२५–७४) याने प्रीती म्हणजे देव व मानव यांतील मैत्री असून तीच इतर सर्व सद्‌गुणांना पूर्णरूप देते, असे प्रतिपादन केले.

धर्मसुधारणेच्या काळात हाच मुद्दा वादाचा विषय बनला. माणूस केवळ श्रद्धेने नीतिमान ठरतो, प्रीतिपूर्ण कृत्ये हे त्या श्रद्धेचे फळ होय, असे मार्टिन ल्यूथरचे मत. उलट आशा व प्रीती यांवाचून श्रद्धा अपुरी आहे, असे ट्रेंटच्या धर्मसभेने १५४७ मध्ये जाहीर केले. भाषांतराचा एक शब्दही या वादातून सुटला नाही. विल्यम टिंडलने १५२६ च्या इंग्रजी नव्या करारात ‘अगापे’साठी दानधर्माचा अर्थ चिकटलेला ‘चॅरिटी’ हा शब्द टाळून ‘लव्ह’ हा शब्द योजला, म्हणून टॉमस मोरने त्याच्यावर कडक टीका केली. १६११ च्या अधिकृत भाषांतरात पौलाच्या त्या अध्यायात ‘चॅरिटी’ परत आला आणि १८८१ च्या सुधारित आवृत्तीत पुन्हा गेला. मायकेल सर्व्हीटस याला १५५३ मध्ये जिनीव्हात जिवंत जाळण्यात आल्यावर सिबॅस्टियन कॅस्टेल्यो याने १५५४ मध्ये बाझेल येथून टोपणनावाने धर्ममतासाठी होणाऱ्या छळाविरुद्ध ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रीतीच्या नावाने होणाऱ्या सक्तीला ख्रिस्ती भूमिकेवरून दिलेले हे एक निर्भीड उत्तर होते. पण रोमन कॅथलिक चर्चने धर्मस्वातंत्र्य हा माणसाचा हक्क असल्याचे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या घोषणेद्वारा मान्य करण्यास ७ डिसेंबर १९६५ हा दिवस उजाडावा लागला.

विसाव्या शतकात स्वीडिश धर्मशास्त्रज्ञ आंडेर्स नीग्रेन याने निरपेक्ष ‘अगापे’ व अभिलाषायुक्त ‘एरॉस’ परस्परविरोधी असल्याचे प्रतिपादिले (१९३०). सोळावे बेनेडिक्ट यांनी २००५ च्या परिपत्रात या दोहोंची फारकत नाकारली. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग (१९२९–६८) यांनी शत्रुप्रीतीची आज्ञा महात्मा गांधींच्या सत्याग्रहाच्या पद्धतीशी जोडून ती वर्णभेदाविरुद्धच्या सामुदायिक प्रतिकाराचे साधन बनविली.

महाराष्ट्रात हे दोन्ही प्रश्न पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या चरित्रात एकत्र येतात. इंग्लंडमध्ये फुलम येथे पतित मानलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनींचे काम त्यांनी पाहिले. या सेवेचे कारण विचारता त्यांना शोमरोनी स्त्रीशी झालेल्या येशूच्या संवादाची कथा सांगण्यात आली. तिचा मनावर खोल परिणाम होऊन १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. विधवांसाठी १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या व पुढे पुण्यास हलविलेल्या ‘शारदा सदना’त धार्मिक तटस्थतेचे आश्वासन होते. परंतु रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेस मुली बसू लागल्या, तेव्हा सेवेच्या आडून धर्मांतर होत असल्याचा आरोप झाला. १८९३ मध्ये न्या. म. गो. रानडे, रा. गो. भांडारकर प्रभृती सल्लागार मंडळातून बाहेर पडले व पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. मुलींना आपण बोलावत नाही, पण दार लावूनही घेणार नाही, ही रमाबाईंची भूमिका आणि पोरक्या विधवेवर अशा वातावरणाचा दबाव येतोच, हा टीकाकारांचा मुद्दा, या दोहोंतही तथ्य होते. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणून वाचविल्या आणि केडगाव येथील ‘मुक्तिसदन’ उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून चालविले. रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी वेगळी वाट शोधली. मिशनच्या नोकरीतून मुक्त होऊन १९१७ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या ‘देवाचा दरबार’ या बंधुसंघात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना स्थान होते. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाल्याने हा प्रयोग पुढे फारसा वाढला नाही.