पचनसंस्था व तिचे विकार

पचनसंस्था : अन्नाचे रक्तात शोषता येतील अशा साध्या घटकांत रूपांतर करणारी व उरलेला चोथा बाहेर टाकणारी शरीरातील यंत्रणा. तोंड, अन्ननलिका, जठर, सुमारे ६ मी. लांबीचे लहान आतडे, दीड मीटरचे मोठे आतडे व गुदद्वार असा तिचा सलग मार्ग आहे. लाळग्रंथी, यकृत, पित्ताशय व स्वादुपिंड या मार्गाला पाचक रस पुरवतात. प्रस्तुत नोंदीतील उदाहरणे शेंदूरजनाघाट (ता. वरुड, जि. अमरावती) या संत्राबागांच्या गावाकडची व वऱ्हाडातील आहेत.

पचन तोंडातच सुरू होते. भाकरीचा घास सावकाश चावला की गोडसर लागतो, कारण लाळेतील विकर पिष्टाची साखर करू लागते. विदर्भातले खर्ऱ्याचे व्यसन घाव घालते ते इथेच. खर्ऱ्यातील सुपारी, तंबाखू व चुना यांनी गालाचे अस्तर ताठर होते, तिखट सोसत नाही, जबडा आखडतो. तीन बोटे उभी धरून तोंडात जाईनाशी झाली तर दवाखाना गाठावा. या दुखण्याचा पुढे कर्करोग होऊ शकतो.

जठरातील आम्ल व पेप्सिन प्रथिने फोडतात. जठरव्रणाचा (अल्सर) दोष वऱ्हाडात सहसा ठेच्याला दिला जातो. तिखटाने जळजळ वाढते हे खरे, पण व्रणाची मुख्य कारणे दोन : हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आणि अंगदुखीवर वरचेवर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. हा जिवाणू शोधणाऱ्या बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांना २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. डांबरासारखी काळी शौच हे आतल्या रक्तस्रावाचे लक्षण असू शकते.

लहान आतड्यात पित्तामुळे स्निग्धांशाचे बारीक कण होतात, स्वादुपिंडाचा रस पचन पुरे करतो आणि रसांकुर पोषकद्रव्ये शोषून घेतात. ज्वारीतले लोह शरीराला सहज लागत नाही. जेवणासोबत संत्रे खाल्ले तर त्यातील क जीवनसत्त्वामुळे ते अधिक शोषले जाते. फोडीवरचा पांढरा पापुद्रा सोलून टाकू नये. तो तंतुमय असल्याने बद्धकोष्ठ टाळण्यास उपयोगी पडतो.

आतड्याचे सर्वांत मोठे काम मात्र पाण्याचे आहे. प्यायलेले पाणी व पाचक रस मिळून रोज ८ ते ९ लिटर द्रव आतड्यात येतो आणि जवळजवळ सगळा परत शोषला जातो. पटकीत (कॉलरा) हीच घडी विस्कटते. जंतूच्या विषामुळे आतडे क्षार व पाणी बाहेर ओतू लागते; हे विष १९५९ मध्ये कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी दाखवून दिले. जुलै २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात, पाचडोंगरी व कोयलारी येथे दूषित पाण्यातून पटकीची साथ पसरून माणसे दगावली. पाणी शुद्ध असते तर हे मृत्यू टळले असते.

आजारी आतडेही साखर व मीठ जोडीने शोषू शकते आणि त्यांच्यामागे पाणी आत जाते. जलसंजीवनी (ओआरएस) हे साखर-मिठाचे पाणी चालते ते याच तत्त्वावर. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथील बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी तिने असंख्य जीव वाचवले. घरी पुडी नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजत राहावे. तान्ह्याचे अंगावरचे दूध तोडू नये. डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा मूल मलूल पडले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे आणि वाटेतही पाजणे चालू ठेवावे.