सुपरमॅनची काळी फीत

वाङ्मयाच्या इतिहासात ग्रंथांची नोंद होते, ग्रंथकारांची होते, क्वचित प्रकाशकांचीही होते. परंतु ग्रंथांच्या पाठीवर बसून बाजारात शिरलेल्या वस्तूंची नोंद कोणी घेत नाही. चित्रकथांच्या, म्हणजे ज्यांना आपण कॉमिक्स म्हणतो त्यांच्या, बाबतीत ही उपेक्षा विशेष अन्यायाची आहे. कारण तेथे पुस्तकापेक्षा पुस्तकाबाहेरचा पसाराच मोठा. बाहुल्या, बिल्ले, डबे, चादरी, टूथब्रश आणि ज्यांचा उपयोग आम्हांला अद्याप उमगलेला नाही अशा असंख्य वस्तू या पसाऱ्यात आहेत. सरकारी कचेरीत हयात घालवल्यामुळे आम्हांला डेडस्टॉक रजिस्टर चाळण्याची सवय आहे. त्याच सवयीने आम्ही या पसाऱ्याची थोडी मोजदाद करू पाहतो. वाचकांनी मनमोकळे हसावे, आमची हरकत नाही. शेवटी मात्र एका नोंदीपाशी क्षणभर थांबावे, एवढीच विनंती.

या व्यापाराचे मूळ अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सापडते. रिचर्ड आउटकॉल्ट या चित्रकाराचा 'यलो किड' १८९५ पासून न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत गाजू लागला. तुळतुळीत डोक्याचे, पायघोळ पिवळा झगा घातलेले गरीब वस्तीतले हे पोर. त्याचे बोलणे त्या झग्यावरच लिहिलेले असे. 'पीत पत्रकारिता' या शब्दाचा जन्मही याच पिवळ्या झग्यातून झाला, असे मानले जाते. पोर लोकप्रिय होताच व्यापाऱ्यांनी त्याला उचलले आणि बिस्किटांच्या डब्यांवर, पंख्यांवर, बिल्ल्यांवर चिकटवले. त्यांतले कित्येक बिल्ले एका सिगारेट कंपनीने वाटले होते. दुधाचे दात पडण्याच्या वयाचे पात्र आणि त्याच्या हाती दिलेला माल तंबाखूचा! या व्यापाराच्या कुंडलीत विसंगतीचा ग्रह पहिल्या घरात बसला तो असा.

पुढे याच आउटकॉल्टने १९०२ मध्ये 'बस्टर ब्राऊन' हा श्रीमंताघरचा खोडकर मुलगा जन्माला घातला. प्रत्येक भागाच्या शेवटी हा मुलगा पश्चात्तापपूर्वक सद्वर्तनाचा संकल्प सोडत असे. १९०४ मध्ये सेंट लुइस येथे जागतिक प्रदर्शन भरले, तेव्हा आउटकॉल्टने या मुलाचे नाव वापरण्याचे परवाने नाना कारखानदारांना विकले. बस्टर ब्राऊनचे बूट तर पुढे अनेक दशके खपले. त्याच्या नावाचे चिरूटही निघाले. संकल्प सोडणारा मुलगा आणि त्याच्या नावाचा चिरूट ही जोडी त्या काळी कोणालाच खटकलेली दिसत नाही.

मात्र हसताना आपणही फार दूर उभे आहोत, असे समजू नये. ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला 'फँटम' आमच्या पिढीला 'वेताळ' म्हणून भेटला. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४ साली सुरू केलेल्या इंद्रजाल कॉमिक्सनी त्याला मराठीसह अनेक भारतीय भाषा बोलायला लावल्या. बडोद्यात काय किंवा इंदुरात काय, शाळेबाहेरचे मराठी वाचन ज्यांनी वेताळाच्या बोटाला धरून केले, अशी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. या महापुरुषाचा एक विशेष आठवत असेलच. गुंडांनी भरलेल्या मद्यालयात शिरून तो शांतपणे पेलाभर दूध मागे. त्याच दूधप्राशक वेताळाच्या नावाने आपल्याकडे विकले काय गेले? तर सिगारेट! नागपूरच्या हारनिक कंपनीची ती 'फँटम' गोड सिगारेट, साखरेची पांढरी कांडी आणि तिचे टोक लाल. थोरल्यांची नक्कल करीत आम्ही ती ओठांत धरून मिरवली आणि यथावकाश चघळून संपवली. यलो किडच्या बिल्ल्यापासून वेताळाच्या पाकिटापर्यंत धूर्त व्यापाराची परंपरा अखंड चालत आली, हे मान्य केले पाहिजे.

वस्तू पात्राशी विसंगत असली तरी ती निदान हातात पडत होती. पुढे तेवढीही गरज उरली नाही. अमेरिकन कॉमिक्सच्या जाहिरातींच्या पानांवर 'सी मंकीज' म्हणजे समुद्री माकडांची जाहिरात वर्षानुवर्षे झळकत असे. डोक्यावर मुकुटासारखे तुरे असलेले, हसतमुख असे एक जलचर राजकुटुंबच त्या चित्रात दाखवलेले असे. पुडीतली पूड पाण्यात टाकावी आणि हे कुटुंब सजीव व्हावे, असा वायदा. पुडीत खरोखर असत खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कोळंबीवर्गीय जीवांची सुकलेली अंडी. ती उबत, जीव वळवळत. मुकुट मात्र पोरांना शोधूनही सापडत नसे. हा उद्योग करणारे हॅरॉल्ड फॉन ब्राउनहट हे गृहस्थ एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी अदृश्य सोनमासाही विकला. त्यासोबत काचेचे भांडे येई आणि मासा कधीही दृष्टीस पडणार नाही अशी हमीही येई. दिलेली हमी अक्षरशः पाळणारा इतका प्रामाणिक व्यापारी आमच्या सेवाकाळात एकाही निविदेत आढळला नाही.

१९७७ च्या मे महिन्यात 'स्टार वॉर्स' हा चित्रपट आला, तेव्हा हा प्रकार आणखी पुढे गेला. चित्रपटाच्या बाहुल्या काढण्याचा परवाना केनर कंपनीकडे होता. पण चित्रपट इतका चालेल असे कोणाला वाटले नव्हते आणि नाताळ तोंडावर आला तरी बाहुल्या तयार नव्हत्या. कंपनीने काय करावे? तिने बाहुल्यांविना खोकीच विकायला काढली. खोक्यात पुठ्ठ्याचा देखावा, काही कागदी चिटोरी आणि एक प्रमाणपत्र. ते टपालाने धाडले की पुढील वर्षी चार बाहुल्या घरपोच मिळतील, असे आश्वासन. नाताळच्या सकाळी अमेरिकन मुलांनी खोकी उघडली आणि त्यांतून कागद निघाला. १९७८ मध्ये बाहुल्या खरोखर पोचल्या, हे कंपनीच्या पदरी टाकले पाहिजे. आता ती रिकामी खोकीसुद्धा संग्राहक जपून ठेवतात.

या वेडाचे एक गंभीर टोकही आहे. १९७७ सालीच 'किस' या संगीतचमूवर मार्व्हल कंपनीने काढलेल्या चित्रकथेसाठी चमूतील चौघांनी आपले रक्त काढून छपाईच्या लाल शाईत मिसळले. तो निव्वळ जाहिरातीचा प्रकार होता. मार्क ग्रुएनवाल्ड या संपादकाची गोष्ट मात्र निराळी. १९९६ मध्ये ते अकाली वारले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा शाईत मिसळून 'स्क्वॉड्रन सुप्रीम' हा त्यांचाच कथासंग्रह १९९७ मध्ये छापण्यात आला. अस्थी नर्मदेला अर्पण करणाऱ्या आम्हां लोकांना हे विचित्र वाटेल. परंतु त्यावर हसवत नाही. ज्या कागदावर आयुष्य वेचले त्यातच विरघळून जाणे, हीही एक प्रकारची श्रद्धाच.

आता किमतीकडे वळू. सुपरमॅन प्रथम अवतरला तो 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक १९३८ चा. किंमत १० सेंट. त्याची एक प्रत २०२४ मध्ये लिलावात ६० लाख डॉलर्सना गेली. एवढी दुर्मिळता आली कोठून? पोरांनी तो अंक वाचला, दुमडला, मित्रांना दिला, फाडला. आयांनी केर काढताना फेकला. महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, त्यांत असे ढीगच्या ढीग गेले. थोडक्यात, पुस्तकाचा जो धर्म तो त्या अंकाने पुरेपूर पाळला. लाखो डॉलर्सची किंमत आली ती जपणाऱ्यांमुळे नव्हे, न जपणाऱ्यांमुळे. इंद्रजालचे आपले अंक रद्दीवाल्याच्या तराजूत घालणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांनाही या न्यायाने काही श्रेय दिले पाहिजे.

संग्राहकांनी यातून नेमका उलटा बोध घेतला. २००० सालापासून जुने अंक तपासून, त्यांना दहापैकी गुण देऊन, पारदर्शक प्लास्टिकच्या कवचात कायमचे बंद करणारी कंपनीच तेथे उभी राहिली. कवच फोडले की गुण रद्द. अर्थात असा अंक पाहता येतो, विकता येतो, फक्त वाचता येत नाही. आमच्या रजिस्टरात अशा वस्तूंसाठी स्वतंत्र रकाना असे.

खरी गंमत १९९० नंतरच्या दशकात झाली. जुने अंक सोन्याच्या भावाने जातात, तर नवेही पुढे तसेच जातील, या आशेने लोक गठ्ठ्यांनी अंक घेऊ लागले. १९९१ मध्ये 'एक्स मेन'चा पहिला अंक निरनिराळ्या पाच मुखपृष्ठांसह निघाला आणि त्याच्या ८० लाखांहून अधिक प्रती गेल्या. पाचही मुखपृष्ठांआड गोष्ट तीच होती. मग १८ नोव्हेंबर १९९२ रोजी प्रत्यक्ष सुपरमॅनला मरण आले. 'सुपरमॅन'चा तो ७५ वा अंक काळ्या पिशवीत मोहोरबंद करून विकण्यात आला आणि पिशवीत दंडावर बांधण्यासाठी सुतकाची काळी फीतही घातलेली होती. पिशवी फोडली तर किंमत उतरणार, म्हणून अनेकांनी दोन दोन प्रती घेतल्या. एक शोकासाठी, एक गुंतवणुकीसाठी. १९९३ मध्ये सुपरमॅन यथासांग परत आला. काळ्या पिशव्या मात्र आजही लक्षावधी घरांतून तशाच बंद आहेत, आणि ज्याची प्रत प्रत्येकाकडे आहे त्याला गिऱ्हाईक कोठून मिळणार? तेजीचा तो फुगा फुटला, दुकाने बंद पडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हल कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

येथवर हसून झाले. आता ती नोंद.

सुपरमॅन ही क्लीव्हलंडच्या दोन तरुणांची निर्मिती. जेरी सीगल यांनी तो लिहिला, जो शुस्टर यांनी चितारला. मार्च १९३८ मध्ये प्रकाशकाने त्यांना ४१२ डॉलर्सचा धनादेश दिला. त्यांतले १३० डॉलर्स सुपरमॅनबद्दलचे. त्या मोबदल्यात त्याचे सर्व हक्क कायमचे लिहून घेतले. बाकीची रक्कम त्यांच्या इतर कामाची होती. धनादेशावर दोघांच्याही नावांची स्पेलिंगे चुकलेली होती, म्हणून पाठीमागे त्यांना चुकीची आणि बरोबर अशी दोन्ही नावे लिहून सह्या कराव्या लागल्या. पुढे कोट्यवधींचा माल ज्याच्या नावावर खपला, त्याच्या जन्मदात्यांची नावे पहिल्याच कागदावर चुकली होती.

१९४७ मध्ये हक्कासाठी त्यांनी दावा लावला. पात्र परत मिळाले नाही. उलट कथेवरून त्यांची नावेही उतरली. पुढच्या काळात सीगल यांनी कारकुनी केली. शुस्टर यांची दृष्टी अधू होत गेली. १९७५ मध्ये सुपरमॅनवर मोठा चित्रपट निघण्याच्या वार्ता आल्या, तेव्हा सीगल यांनी वृत्तपत्रांना पत्रके धाडून आपली कैफियत मांडली. इतर चित्रकारांनी आवाज उठवला आणि त्या वर्षअखेरीस कंपनीने दोघांना प्रत्येकी वार्षिक २० हजार डॉलर्सचे वेतन मंजूर केले, त्यांची नावेही परत दिली. १९३८ ते १९७५, म्हणजे ३७ वर्षे. आपला शब्द पाळला जाण्याची वाट पाहणे म्हणजे काय, हे आमच्यासारख्या निवृत्तिवेतनधारकांना सांगायला नको. पण त्या दोघांना तर कोणी शब्दही दिलेला नव्हता.

जो शुस्टर ३० जुलै १९९२ रोजी निवर्तले. त्यानंतर चारही महिने होण्याच्या आत काळ्या फितीचा तो अंक निघाला. लक्षावधी लोकांनी पैसे मोजून सुतकाची फीत घेतली ती चितारलेल्या माणसासाठी. चितारणाऱ्यासाठी ती कोणी छापली नव्हती. सीगल जानेवारी १९९६ मध्ये गेले. आणि चुकलेल्या नावांचा तो ४१२ डॉलर्सचा धनादेश? २०१२ मध्ये लिलावात त्याला १ लाख ६० हजार डॉलर्स आले. त्यावर ज्यांच्या सह्या होत्या, ते दोघे तेव्हा हयात नव्हते. वटलेला धनादेशही संग्राह्य वस्तू ठरला.

गोड सिगारेट, मुकुट नसलेली माकडे, न दिसणारा मासा, रिकामे खोके यांवर पुढच्या पिढ्याही हसतील, आणि हसावेच. आपल्या जुन्या मराठी घरांतील कपाटांतूनही बालमासिकांचे आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे पडून आहेत. त्यांची किंमत काय येईल, असे नातवंडे अधूनमधून विचारतात. त्यांना किंमत सांगण्याआधी एखादा अंक उघडून द्यावा, आणि चित्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असलेली सही त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावी.