जलाशयाखालची विजयपुरी

लाहोर आणि मुलतान यांच्या दरम्यान लोहमार्ग घालण्याचें काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर चाललें होतें. वाटेंत हडप्पाचें टेकाड लागलें. रुळांखालीं पसरावयास भर हवी होती आणि टेकाडांत भाजक्या विटा आयत्याच रचून ठेविलेल्या! सुमारें शंभर मैलांच्या मार्गाला पुरतील इतक्या विटा तेथून गेल्या, असें जनरल कनिंगहॅम यांनीं नमूद केलें आहे. त्या विटांचें खरें वय खुद्द कनिंगहॅमनाहि उमगलें नव्हतें. १९२१ सालीं दयाराम साहनी यांनीं तेथें खोदकाम आरंभिलें, तोंवर त्या प्राचीन नगराचा पुष्कळसा भाग आगगाडीच्या चाकांखालीं गेला होता.

हें अज्ञान क्षम्य म्हणतां येईल. श्रोतेहो, मला आज सांगावयाचें आहे तें मात्र जाणूनबुजून बुडविलेल्या एका स्थळाविषयीं.

आंध्र प्रदेशांत कृष्णेच्या उजव्या तीरीं, तीन बाजूंनीं नल्लमलच्या रांगांनीं वेढलेलें नागार्जुनकोंडा नांवाचें खोरें होतें. इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकांत इक्ष्वाकु राजांची विजयपुरी येथें नांदत होती. राजे वैदिक यज्ञ करीत आणि त्यांच्याच घरांतील स्त्रिया बौद्ध विहारांना दानें देत. बोधिसिरी नांवाच्या उपासिकेच्या शिलालेखांत सिंहली आचार्यांनीं धर्माकडे वळविलेल्या देशांची यादी आहे. काश्मीर, गांधार, चीन यांच्या पंक्तीला तींत ‘अपरान्त’, म्हणजे आपलें कोंकणहि बसलें आहे.

१९२६ सालीं या अवशेषांचा शोध लागला आणि लाँगहर्स्ट यांनीं पुढील वर्षापासून कांहीं स्तूप व विहार मोकळे केले. पण सगळें खोरें उकरावयास धरणच यावें लागलें! नागार्जुनसागराची पायाभरणी १० डिसेंबर १९५५ रोजीं झाली. त्याच्या आदल्याच वर्षीं आर. सुब्रह्मण्यम् यांच्या देखरेखीखालीं पुरातत्त्व खात्यानें मोठ्या प्रमाणावर कुदळ घातली होती. १९६० पर्यंत शंभराहून अधिक जागा खोदल्या गेल्या. अश्मयुगांतील हत्यारें, महापाषाणी थडगीं, विहार, देवळें, घाट, पायऱ्यांच्या बैठकीचें प्रेक्षागार असा हजारों वर्षांचा संसार मातींतून वर आला. पाण्याचें भय नसतें, तर इतका खर्च आणि इतकी माणसें एका खोऱ्याच्या वाट्याला आलीं असतीं असें मला वाटत नाहीं.

नंतर निवडीचा प्रश्न आला. नऊ वास्तू उचलून टेकडीवर पुन्हां उभारल्या, चौदांच्या मोठ्या प्रतिकृती केल्या. प्रेक्षागार व आणखी कांहीं अवशेष जलाशयाच्या पूर्वकांठीं अनुपु येथें नेले. भोंवतीं पाणी चढलें आणि टेकडीचें बेट झालें. तेथें महाचैत्य आहे, सिंहली भिक्षूंचा विहार आहे, एक प्राचीन थडगेंहि आहे.

आतां या वास्तू एकमेकींना खेटून उभ्या आहेत. मूळ जागीं मात्र विहार नगरापासून किती दूर होता, घाटावरून कोणतें देऊळ दिसे, मृतांना जिवंतांपासून किती अंतरावर ठेवीत, हीं अंतरेंच त्या नगराची रचना सांगत होतीं. दगड हलवितां येतो. दोन दगडांमधील अंतर हलवितां येत नाहीं. तें आतां नकाशांत आणि खोदकामाच्या अहवालांत वाचावयाचें.

आणखी एक तोटा सहसा कोणी बोलत नाहीं. शहाणा उत्खननकार सगळी जागा कधीं उकरीत नाहीं. कांहीं भाग तो पुढच्या पिढीसाठीं तसाच राखून ठेवतो, कारण तिच्या हातीं अधिक चांगलीं साधनें असतील. पुढें परागकणांवरून जुन्या वनस्पती आणि जळक्या दाण्यांवरून जुनीं पिकें ओळखण्याची विद्या पुष्कळ वाढली. पण १९६७ सालीं धरण पुरें झालें, आणि नागार्जुनकोंड्याच्या खोऱ्यांत जें राखून ठेवावयाचें, तें त्याच पाण्याखालीं आहे. त्या पाण्यावर शेतें पिकतात, आणि बेटावरील संग्रहालयाकडे प्रवासी नावेनें जातात तेहि त्याच पाण्यावरून.