भिंतीवरचे शेत

श्रोतेहो, आपल्या नांदेड-लातूरकडच्या जुन्या माळवदाच्या घरांत देव्हाऱ्याजवळ लक्ष्मी-सरस्वतीची तसबीर दिसते. ती तिथवर आली कशी? राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईजवळ घाटकोपरला छापखाना काढला. दर रंगाला वेगळा दगड. ठशावर ठसा उमटे, तेव्हा चित्र पुरे होई. राजवाड्यातली कला अशी गरिबाच्या भिंतीवर आली.

मग त्याच भिंतीवर फ्रान्सातले शेत का नसावे? मिले हा चित्रकार नॉर्मंडीतल्या शेतकऱ्याचा मुलगा. १८५७ साली त्याने पॅरिसात एक चित्र मांडले. मागे धान्याच्या गंजी, भरलेली गाडी, घोड्यावरचा मुकादम. पुढे तीन बाया वाकून सरवा वेचताहेत. पॅरिसच्या बड्या मंडळींना ते खुपले. गरिबी एवढी डोळ्यांपुढे कशाला आणायची!

आपल्याकडेही ज्वारीच्या सुगीनंतर सरवा वेचणाऱ्या बाया आपण पाहिल्या आहेत; पण नीट पाहिल्या आहेत का? गुरुजी, या चित्राची छापील प्रत वर्गात लावा. ऊन लागू देऊ नका, रंग उडतो. आणि मुलांना एवढंच विचारा, ‘ही बाई तुम्ही कुठं पाहिलीत?’ उत्तर आपल्याच शिवारातून येईल.