वाळवीची वंशावळ

इतिहासाच्या माणसाचे वाळवीशी जुने वैर. औशाच्या एका वाड्यात वंशावळीचा कागद पाहायला गेलो, तर मधल्या तीन पिढ्या वाळवीने फस्त केलेल्या! त्या आता कुणी सांगायच्या? मात्र हे करणाऱ्या किड्याची स्वतःची वंशावळ बरीचशी जुळली आहे.

आपण वाळवीला पांढरी मुंगी म्हणतो. दोघींत राणी, दोघींत कामकरी; तेव्हा बहिणीच असणार, असे कुणालाही वाटेल. पण मुंगीचे गोत मधमाशीशी आणि गांधीलमाशीशी. वाळवी निघाली झुरळाच्या कुळातली! १९३४ साली क्लीव्हलँड या अमेरिकी शास्त्रज्ञाने दाखवले, की लाकूड खाणाऱ्या एका झुरळाच्या पोटात वाळवीसारखेच सूक्ष्म जीव असतात. लाकूड पचते ते त्यांच्यामुळे, आणि पिल्लांना ते थोरांकडूनच मिळतात. म्हणून ही झुरळेही कुटुंब करून राहतात. संशय बळावला, पण संशय म्हणजे पुरावा नव्हे.

पुरावा डीएनएत होता. तो वाचता येऊ लागला, तशी अडचण आली हिशेबाची. कोण कुणाला जवळचा, याची मांडणी तीन किड्यांसाठी ३ प्रकारे होते, चारांसाठी १५, पाचांसाठी १०५. आणि दहांसाठी? ३ कोटी ४४ लाख ५९ हजार ४२५! शिक्षकांनी फळ्यावर करून पाहावे: १, ३, ५, ७ असे १७ पर्यंतचे विषम आकडे गुणत जायचे. सगळ्या मांडण्या तपासणे बाजूलाच राहिले. निवडक तपासायच्या तरी एका यंत्राला ते झेपेना.

आपल्याकडे अशा वेळी इर्जिक घालतात. एकाच्या रानात साऱ्या गावाच्या बैलजोड्या उतरतात. तसेच हे काम अनेक संगणकांना वाटून दिले. ही युक्ती आपल्याला परकी नाही बरे का! अमेरिकेने महासंगणक देण्यात अडथळे आणले, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली. डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ साली ‘परम ८०००’ घडवला, तो असेच अनेक प्रक्रियक एकत्र जुंपून. तो किड्यांसाठी नव्हता, पण इर्जिक तीच.

२००७ साली लंडनच्या संशोधकांनी पाच जनुकांवरून वाळवीला झुरळांत बसवले. २०१४ साली सुमारे शंभर शास्त्रज्ञांनी १,४७८ जनुके आणि १४४ जाती घेऊन, महासंगणकांवर, कीटकांची वंशावळ मांडली. मूळपुरुष सुमारे ४७ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीचा. वाळवी तिथेही झुरळांच्याच घरात.

वाड्यातले उरलेले कागद आता पत्र्याच्या पेटीत आहेत.