लष्करी मोटारसायकलींचा जीर्णोद्धार : एक साधनचिकित्सा

दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासाची साधने म्हटली म्हणजे खलिते, रोजनिशा, सरकारी अहवाल व छायाचित्रे यांचीच आठवण प्रथम होते. त्या युद्धात वापरलेली यंत्रेही पुष्कळ शिल्लक आहेत आणि हौशी संग्राहक मोठ्या निष्ठेने त्यांचा जीर्णोद्धार करीत असतात. परंतु या खटाटोपाकडे इतिहासाच्या अभ्यासकाचे लक्ष क्वचितच जाते. जीर्णोद्धाराने साधन उजळते की नष्ट होते, हा प्रश्न प्रस्तुत लेखात एका ब्रिटिश मोटारसायकलीच्या आधारे तपासावयाचा आहे.

बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीची एम-२० ही ४९६ घनसेंटिमीटर क्षमतेची, एका सिलिंडरची साइड-व्हॉल्व्ह गाडी होय. ती वजनाने जड आणि वेगाने मंद होती. तथापि तिची रचना साधी आणि दुरुस्ती सोपी असल्यामुळे लष्कराला ती मानवली. युद्धकाळात या कंपनीने सुमारे १,२६,००० मोटारसायकली पुरविल्या. त्यांत बहुसंख्य एम-२० होत्या. १९ नोव्हेंबर १९४० च्या रात्री स्मॉल हीथ येथील तिच्या कारखान्यावर बाँब पडून ५३ कामगार मृत्युमुखी पडले. त्याआधी पाचच दिवस कॉव्हेंट्रीवरील हल्ल्यात ट्रायम्फचा कारखाना जमीनदोस्त झाला होता आणि त्याबरोबर त्याचे दप्तरही गेले. अशा दप्तरांच्या अभावी प्रत्यक्ष यंत्राचे साक्षीमूल्य वाढते, हे उघड आहे.

बी.एस.ए.च्या पाठवणीच्या नोंदवह्या मात्र उपलब्ध आहेत. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबच्या ग्रंथालयात त्या पाहावयास मिळतात. फ्रेमवर ठोकलेल्या क्रमांकावरून गाडी कोणत्या कंत्राटाखाली बाहेर पडली हे ठरविता येते. आता जुन्या गाड्यांच्या बाजारात इंजिन व फ्रेम यांचे क्रमांक जुळणे हे अस्सलपणाचे लक्षण समजले जाते आणि त्यासाठी गिऱ्हाईक अधिक किंमतही मोजते. एम-२० च्या बाबतीत ही कसोटी मुळातच लागू पडत नाही. तिच्या लष्करी गाड्यांत हे दोन क्रमांक कारखान्यातूनच भिन्न निघत. तेव्हा जुळणारे क्रमांक दिसले तर समाधान मानण्याऐवजी, ते मागाहून कोणी ठोकले आहेत काय, याची शंका घेणे अधिक शास्त्रशुद्ध ठरेल.

कारखान्याबाहेरचा वृत्तांत याहून गुंतागुंतीचा आहे. लष्करी कार्यशाळांत गाड्या खोलल्या जात, इंजिने दुरुस्त होऊन साठ्यात जात आणि जे तयार असेल ते पुढच्या फ्रेमवर चढे. १९४२ मध्ये यंत्रदुरुस्तीसाठी स्वतंत्र दल उभारल्यावर हे काम मोठ्या प्रमाणावर होऊ लागले. कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली लष्करी गाडी हा म्हणूनच अपवाद समजावा. सुट्या भागांची ही सरमिसळ म्हणजे भेसळ नव्हे. गाडीची सेवा ती हीच.

या सेवेची सर्वांत बोलकी नोंद रंगात सापडते. युद्धारंभी ब्रिटिश सैन्याच्या वाहनांना खाकी-हिरवा रंग असे, १९४२ पासून तपकिरी, १९४४ पासून ऑलिव्ह छटेचा आणि युद्धानंतर गडद ब्राँझ-हिरवा. पुढे लिलावात गाडी नागरिकाच्या हाती गेली की बहुधा वर काळा रंग बसे. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून टाकीचा एखादा कोपरा हलक्या हाताने घासला, तर हे थर झाडाच्या खोडातील वलयांसारखे एकामागून एक उघडे पडतात. ‘सी’ या अक्षराने सुरू होणारा लष्करी क्रमांकही कधीकधी तेथेच भेटतो. कंत्राटाच्या क्रमांकमालिकेवरून त्याचा केवळ अदमास बांधता येतो; नेमका क्रमांक टाकीवरच वाचावयाचा असतो. १९४९ मध्ये ही क्रमांकपद्धतीच बदलली गेल्याने एकाच टाकीवर दोन क्रमांक एकाखाली एक असू शकतात. वाळूच्या झोताने टाकी चकचकीत करणारा कारागीर हे सारे अर्ध्या तासात पुसून टाकतो. जीर्णोद्धाराच्या नावाखाली प्राचीन शिल्पांवर तैलरंग फासण्याचे प्रकार आपल्याकडेही अपरिचित नाहीत!

रबराचा दाखला असाच. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले आणि मलायातील रबर ब्रिटनला दुर्मिळ झाले. त्यानंतरच्या गाड्यांवर हँडलच्या मुठी कॅनव्हासच्या आणि पाय ठेवण्याचे दांडे उघड्या लोखंडाचे दिसू लागतात; टाकीवरील गुडघ्याच्या गाद्या तर नाहीशाच होतात. १९४३ च्या गाडीवर आज नव्या रबरी मुठी चढविणारा संग्राहक तिच्यावरून मलायाचा पाडाव पुसून टाकतो, असे म्हणावयास हरकत नाही. उलटपक्षी, रबर दिसले म्हणून गाडी १९४२ पूर्वीची, हा निष्कर्षही घाईचा; युद्धोत्तर दुरुस्तीत ते पुन्हा बसविले गेले असण्याचा संभव असतो.

मग गाडी कोणत्या अवस्थेला न्यावी? बहुतेकांचे उत्तर ‘कारखान्यातून निघाल्या दिवशीच्या’ असे असते. ही अवस्था गाडीच्या आयुष्यातील सर्वांत अल्पकालीन, आणि युद्धाच्या दृष्टीने सर्वांत निरर्थक होय. येथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे स्मरण उपयोगी पडेल. डॉ. सुखठणकरांनी व्यासांचा मूळ ग्रंथ हाती देण्याचा दावा केला नाही. हस्तलिखितांवरून पोहोचता येईल तितका प्राचीन पाठ त्यांनी सिद्ध केला आणि इतर पाठ पृष्ठाच्या तळाशी जतन केले. मोटारसायकलीचा जीर्णोद्धारक निवड तशीच करतो, पण टाकलेला पाठ भंगारात फेकतो. फरक आहे तो एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

काही संग्राहक अलीकडे गाडी खोलण्यापूर्वी प्रत्येक भागाचे छायाचित्र घेतात, काढलेले भाग चिठ्ठी बांधून ठेवतात आणि टाकीच्या पोटाशी हातभर जागा न घासता मूळ थरांसह राखून ठेवतात. गाडी रस्त्यावर धावत असताना ही जागा कोणास दिसत नाही. टाकी उतरवून उलटी केली म्हणजे मात्र ती वाचता येते.